सांख्यिकीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि फ्लिप्ड क्लासरूम : एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

एका विद्यापीठाचा सांख्यिकीचा एका सत्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. व्याख्यान आधी व्हिडिओवर ऐकायचे आणि थेट तासाला केवळ प्रश्न सोडवायचे, अशी त्याची फ्लिप्ड क्लासरूम पद्धतीची रचना होती.

थेट तास मला फार आवडले. सशर्त संभाव्यतेचा, म्हणजे एक गोष्ट घडल्याचे माहीत असताना दुसरीची शक्यता काढण्याचा, तास तर अजून लक्षात आहे. हजारात एकाला होणारा रोग आणि रुग्ण असो वा निरोगी, ९९ टक्के वेळा बरोबर निदान करणारी चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता किती, असा प्रश्न होता. व्हिडिओत अशी शक्यता काढण्याचे बेझचे सूत्र पाहूनही बहुतेकांनी ९९ टक्के असेच उत्तर दिले. प्राध्यापकांनी उत्तर न सांगता आम्हाला चौघाचौघांच्या ब्रेकआउट रूममध्ये पाठवले. तिथे एक लाख माणसे धरून मोजल्यावर १०० रुग्णांपैकी ९९ जण आणि ९९,९०० निरोगी लोकांपैकी ९९९ जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे खरी शक्यता जेमतेम ९ टक्के! हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली, आधी स्वतः उत्तर देऊन मग सोबत्याशी चर्चा करण्याची रीत ती हीच. सूत्र मला व्हिडिओने सांगितले, पण ते समजले त्या दहा मिनिटांत.

व्हिडिओंबाबत मात्र नाराजी नोंदवावी लागेल. जुन्या वर्गातील पन्नास मिनिटांची व्याख्याने जशीच्या तशी चढवली होती. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओंच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात प्रेक्षकांचे लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असे दिसले होते. त्यामुळे एकेका संकल्पनेचा छोटा व्हिडिओ आणि त्यामागोमाग एखादा प्रश्न, एवढे तरी अपेक्षित होते.

याचा परिणाम थेट तासावर झाला. तिसऱ्या आठवड्यापासून अनेक जण व्हिडिओ न पाहताच येऊ लागले आणि प्राध्यापक त्यांच्यासाठी तोच भाग पुन्हा शिकवू लागले. हा निर्णय मला चुकीचा वाटला, कारण तयारी करून आलेल्यांचा वेळ त्यात गेला आणि तयारी न करण्याची सवय इतरांनाही लागली. तासापूर्वीची पाच प्रश्नांची चाचणी गुणांना जोडल्यावर सहाव्या आठवड्यात गाडी रुळावर आली. ती पहिल्याच दिवसापासून हवी होती.

प्रवेश घेणाऱ्यांनी थेट तासांखेरीज आठवड्याला चार तास व्हिडिओंसाठी राखून ठेवावेत. वेळापत्रकात हे तास कुठेही दाखवलेले नाहीत.