नौपाड्यातल्या मधाच्या दुकानातलं प्रोपोलिस, महिनाभर वापरून

रेटिंग ४/५

नौपाड्यात आतल्या गल्लीत एक छोटं मधाचं दुकान आहे, तिथून प्रोपोलिसची 30 मिलीची बाटली घेतली, 480 रुपयांना. आईला वरचेवर तोंड येतं म्हणून घेतली, पण मलाही बघायचंच होतं, कारण मी रबाळे एमआयडीसीत क्यूसी लॅबला (मालाचा दर्जा तपासणारी लॅब) आहे आणि आधी ऑनलाइन मागवलेलं प्रोपोलिस म्हणजे नुसतं गोड ग्लिसरीनचं पाणी वाटलं होतं.

माश्या झाडांच्या कळ्यांवरची, सालीवरची चिकट राळ आणतात, त्यात मेण कालवतात आणि पेटीतल्या फटी बुजवतात, तेच हे प्रोपोलिस. आपली सातेरी, म्हणजे इथलीच देशी पाळीव माशी, हे जवळपास गोळाच करत नाही, म्हणून सातेरीचं प्रोपोलिस म्हणून कोणी विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. दुकानातल्या काकांनी मात्र लगेच सांगितलं, मेलीफेराच्या, म्हणजे पाळीव युरोपियन माशीच्या, पेट्यांचं आहे, नाशिककडचं, झाकणाखाली प्लॅस्टिकची जाळी ठेवतात, माश्या तिची भोकं भरून टाकतात, मग जाळी फ्रीजरमध्ये ठेवायची, गारठ्यात ते ठिसूळ होतं आणि जाळी वाकवली की तुकडे खाली पडतात. पेटी खरवडून काढलेल्यात लाकडाचे कण न् काय काय येतं, त्यापेक्षा हे खूपच स्वच्छ.

पुढचं काम अल्कोहोलचं, त्यात ही राळ भिजवून अर्क काढतात. लेबलवर 70 टक्के इथेनॉल लिहिलंय ते बघून बरं वाटलं, कारण नुसत्या पाण्यात फ्लेव्होनॉइड्स (राळेतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) नीट उतरत नाहीत. काका म्हणाले दोन आठवडे अंधारात ठेवून रोज हलवतात, मग गार करून मेण बसलं की गाळतात, गरम अजिबात करत नाहीत. उष्णतेने सुगंधी तेलं उडून जातात, त्यामुळे हे मला पटलं.

घरी येऊन ग्लासभर पाण्यात चार थेंब टाकले, पाणी दुधासारखं झालं! राळ पाण्यात विरघळत नाही म्हणून तसं होतं. ऑनलाइनवाल्याचे टाकले तर पाणी होतं तसंच नितळ.

आता तक्रार. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'भरपूर अँटिऑक्सिडंट' आणि आकडा कुठेच नाही. अहो, अँटिऑक्सिडंटची ताकद मोजणारी डीपीपीएच टेस्ट करा ना, जांभळं द्रावण नमुना घातल्यावर किती फिकं पिवळं पडतं ते मोजायचं, नाहीतर गॅलिक अॅसिडच्या हिशोबात एकूण फिनॉल तरी द्या. युरोपातलं प्रोपोलिस बरंचसं पॉप्लरच्या कळ्यांचं, ब्राझीलचं हिरवं बॅक्करिस नावाच्या झुडपाचं आणि त्यात आर्टेपिलिन सी नावाचं त्याचं खास द्रव्य असतं, मग तिकडचे आकडे नाशिकच्या बाटलीला कसे लावणार? शिवाय परीक्षानळीत चांगलं दिसलं म्हणजे शरीरातही तेवढंच होतं असं नाही. काकांना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढच्या बॅचला विचारतो म्हणाले.

आईने कापसाने लावलं, आधी चांगलंच झोंबतं, मग जागा बधिर होते, त्यामुळे जेवायच्या आधी लावलं की तिला घास नीट जातो. फोड लवकर बरे झाले का ते एका माणसावरून सांगता येणार नाही. मधमाशीच्या कुठल्याही गोष्टीची अॅलर्जी किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पुरळ येऊ शकतं, आणि अल्कोहोल आहे म्हणून लहान मुलांना देऊ नका. कपड्यावर सांडलं तर पिवळा-तपकिरी डाग पडतो, तो पाण्याने हलत नाही, स्पिरिट लावलं तर थोडाफार निघतो.