घरखर्चात वाटा: आईच्या खात्यात ठरावीक रक्कम की बिलं आपल्या अंगावर?

नोकरी लागली, पगार सुरू झाला आणि राहणं आई-बाबांकडेच असलं, की घरात पैसे द्यायचे हे बहुतेकांच्या मनात पक्कं असतं. अडतं ते कसे द्यायचे यावर. दोन रीती सर्रास दिसतात. एक, पगार झाला की ठरावीक रक्कम आईच्या खात्यात टाकायची. घर बाबा चालवत असतील तर त्यांच्या. दुसरी, लाईट, गॅस, वायफाय, मेंटेनन्स ही बिलं आपण उचलायची आणि बाकी घर पूर्वीसारखं चालू द्यायचं. दोन्ही वापरल्यावर आमच्याकडे एकच टिकली. प्रत्येक घराचं गणित वेगळं, त्यामुळे हाच निर्णय सगळ्यांना लागू पडेल असं म्हणणार नाही, पण माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

बिलांची रीत सुरू करायला फार सोपी. आकडा बोलून दाखवावा लागत नाही. ‘पैसे नकोत, तुझ्याजवळच ठेव’ म्हणणारे बाबासुद्धा लाईट बिल परस्पर भरलं गेलं तर फारसं काही म्हणत नाहीत. शिवाय दिलेला पैसा खात्रीनं खर्चातच जातो. ठरावीक रकमेत ही खात्री नसते. अनेक आया ते पैसे घरात खर्च करतच नाहीत, मुलाच्या किंवा मुलीच्या नावानं आरडी काढतात, भिशीत घालतात. बाबांच्या पेन्शनवरचा भार तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं आपण हातभार लावतोय.

बिलं उचलायची असतील तर काही गोष्टी आधी समजून घ्या. महावितरणच्या बिलासाठी बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट एकदाच ॲपमध्ये साठवून ठेवा. मुदतीच्या आधी, बिलावर छापलेल्या त्वरित भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे गेले तर थोडी सूट मिळते, मुदत टळली की आकार लागतो. दोन्ही रकमा बिलावरच असतात. मेंटेनन्स ऑनलाइन भरताना रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि महिना टाकायलाच हवा. फ्लॅट बाबांच्या नावावर आणि पैसे तुमच्या खात्यातून, अशी रक्कम सोसायटीच्या हिशेबात नावाविना लटकते आणि पुढच्या बिलावर थकबाकी म्हणून परत येते. दुहेरी भरणा हाही नेहमीचा प्रकार: तुम्ही ॲपवरून भरलं आणि बाबांनी सवयीनं केंद्रावर जाऊन भरलं. पैसे बुडत नाहीत, लाईटचे पुढच्या बिलात वळते होतात, पण त्या महिन्यात बाबांच्या हातातली रोकड अडकते.

हे सगळं सांभाळता येतं. मला जे खटकलं ते वेगळंच होतं. बिल आपल्याकडे घेतलं की त्याच्याबरोबर मोबाइल नंबरही आपला लागतो, आणि तिथून घराची कामं आपल्या फोनवर येऊन अडकतात.

सिलिंडरचंच घ्या. बुकिंग झालं की नोंदलेल्या नंबरवर डिलिव्हरीचा कोड येतो. तो सांगितल्यावर माणूस सिलिंडर देऊन पावती पूर्ण करतो. सिलिंडर येतो सकाळी अकरा-बाराच्या सुमारास. कोड असतो तुमच्या फोनमध्ये, तुम्ही मीटिंगमध्ये किंवा लोकलमध्ये. आई दारात, खाली टेम्पो थांबलेला, माणसाला अजून बरीच घरं करायची आहेत. आई फोन लावते, तुम्ही उचलत नाही. मग दोनच गोष्टी होतात. ओळखीचा असेल तर तो सिलिंडर ठेवून जातो आणि कोडसाठी संध्याकाळपर्यंत फोन करत राहतो, नाहीतर सिलिंडर परत जातो. कोड सापडेपर्यंतच्या या घाईत सील बघणं आणि वजन करून घेणं हमखास राहून जातं. १४.२ किलो गॅस आणि सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन, ही बेरीज काट्यावर जुळते का हे पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण ती मिनिटं दारातल्या माणसाकडे असायला हवीत.

वायफायचंही तेच. लाईन बंद पडली की तक्रार नोंदवायला ओटीपी तुमच्या फोनवर, तंत्रज्ञाचा ‘घरी कोण आहे का’ हा फोनही तुम्हालाच. वर्षानुवर्षं एकटीनं घर चालवलेल्या बाईला सिलिंडर घेण्यासाठी मुलाच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघावी लागते, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. सोयीसाठी सुरू केलेल्या गोष्टीनं तिचा घरावरचा ताबा सैल होत होता.

यावर उपाय आहे, आणि बिलांचीच रीत ठेवायची असेल तर तो जरूर करा. गॅसवर नोंदलेला नंबर आईचाच राहू द्या. ग्राहक क्रमांक टाकून पैसे तुमच्या यूपीआय ॲपवरून भरता येतात, कोड मात्र तिच्याकडे जातो. नंबर आधीच बदलून बसला असेल तर एजन्सीत कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांची ओळखपत्रं नेऊन तो परत बदलून घ्या. घरी पाइपचा गॅस असेल तर हा प्रश्नच उरत नाही, दोन महिन्यांनी बिल येतं आणि ते कुणीही कुठूनही भरावं. अशा घरात बिलांची रीत बरीच सुसह्य आहे, हे मान्य करायला हवं.

बिलं उचलणाऱ्याला आणखी एक सवय लागते. एप्रिल-मेचं लाईट बिल हिवाळ्याच्या दुप्पट आलं की नजर गीझर आणि एसीकडे जाते. भरणारा आपण असलो की बोलणारेही आपणच होतो. आई-बाबांनी दुपारी एसी लावताना आपला विचार करावा, असं कुणालाच नको असतं.

यूपीआय सर्कलही काहींनी सुचवलं. आपल्या खात्यातून आईला खर्च करू देण्याची सोय, पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. आई दुसऱ्या गावी असेल किंवा अडीअडचणीसाठी हाताशी हवं असेल तर चांगलं. पण तिनं भाजीवाल्याला दिलेल्या चाळीस रुपयांचाही मेसेज आपल्याला येतो. रोजच्या घरखर्चासाठी मी ते वापरणार नाही.

आता ठरावीक रकमेबद्दल. इथे खरा कस लागतो तो आकडा काढताना. अंदाजानं ठरवू नका. आईबरोबर बसून गेल्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर मांडा. समजा, किराणा ८,०००, दूध २,८००, भाजी-फळं ४,०००, लाईट सरासरी १,८००, गॅस ९००, मेंटेनन्स ३,०००, कामवाल्या मावशी २,५०० आणि वायफाय-मोबाइल १,५००. एकूण २४,५००. तिघं मोठी माणसं असाल तर तुमचा वाटा साधारण ८,२०० होतो. मी वर थोडं घालून ९,५०० ते १०,००० म्हणेन, कारण या यादीत मिळकतकर, औषधं, पाहुणे आणि सणवार नाहीत. हप्ते किंवा शैक्षणिक कर्ज असेल तर नुसता वाटा द्या. आकडा महिन्यागणिक हलू द्यायचा नाही, ते महत्त्वाचं.

रक्कम बँकेतल्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शननं, म्हणजे दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे आपोआप पाठवण्याच्या सूचनेनं, जाऊ द्या. पगार १ तारखेला होत असेल तर सूचना ३ ची लावा. पगार एखादा दिवस लांबला आणि खात्यात पुरेसे पैसे नसले तर ती फसते, काही बँका त्याचा दंडही लावतात. खातं आईच्या एकटीच्या नावाचं आणि तिच्याच मोबाइलला जोडलेलं असावं. बाबांबरोबरचं संयुक्त खातं असेल तर पैसे पेन्शनमध्ये मिसळतात आणि कुठे गेले ते कुणालाच कळत नाही. ती रोख वापरत असेल तर स्वतःच्या बँकेच्या एटीएममधले महिन्याचे पाच मोफत व्यवहार पुरतात.

आरडीचा प्रश्न उरतोच. त्यावर मला चाललेला तोडगा असा: रकमेला खर्चाचं नाव द्यायचं. ‘हे घे’ असं नाही, ‘किराणा आणि दूध यातून, बाबांनी त्याला हात लावायचा नाही’ असं, आणि ते बाबांसमोर. नाव मिळालं की पैसे त्या कामाला लागतात. तरीही आई साठवतच असेल आणि पेन्शन खरोखर ओढाताणीची असेल, तर बिलांची रीत जास्त परिणामकारक ठरेल. तिथे मी माझा आग्रह सोडेन.

बाबांना घरभाडं दाखवून कर वाचवण्याचा सल्लाही मिळेल. घरभाडे भत्त्याची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक नव्या नोकरदारांना त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही आईला दिलेल्या पैशांवर तिलाही कर लागत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही रीतींच्या बाहेर काढून स्वतःकडे ठेवा: आई-बाबांचा आरोग्य विमा. हप्ता वर्षातून एकदा, ओटीपी घरी लागत नाही, आणि नूतनीकरणाची सवलतीची मुदतही उलटली तर जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधीचा प्रतीक्षेचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तारीख तुमच्या कॅलेंडरवर, महिनाभर आधीची आठवण लावून. वायफायचं पुढचं रिचार्जही भरा हवं तर, फक्त तक्रारीचा नंबर घरात असणाऱ्याचा द्या.

पगारवाढीचं पत्र आलं की तोच कागद पुन्हा काढा, दूध-भाजीचे नवे भाव घाला आणि रक्कम वाढवा. बऱ्याच बँकांत स्टँडिंग इन्स्ट्रक्शनची रक्कम बदलता येत नाही, जुनी रद्द करून नवी लावावी लागते. जुनी रद्द झाल्याचा मेसेज आल्याशिवाय नवी लावू नका, नाहीतर ३ तारखेला दोन्ही रकमा जातात.