नऊ शनिवार, माणगावला

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावातून मी नऊ शनिवार एसटीने म्हसळ्यामार्गे माणगावला गेलो, समुपदेशनासाठी. शेजारच्यांनी विचारलं तर "बँकेचं काम आहे" म्हणायचो. ते खोटं मनाला लागून राहिलं, म्हणून निदान इथे खरं लिहितो. आमच्याकडे मनाचा त्रास म्हटला की लोकांना एकदम ठाण्याचं हॉस्पिटल आठवतं. त्याच्या अलीकडेही मदत मिळते हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. समुपदेशन करणाऱ्या बाईंचं नाव देत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

आधी मला झालं काय होतं ते सांगतो, नाहीतर सेवा चांगली की वाईट हे कळायचं नाही.

आमचं आगर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, दीड एकराचं. पोफळी चारशेच्या वर, माड चाळीसेक. सुपारी आपली श्रीवर्धनची रोठा. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पोफळीची मुळं वरवर असतात आणि खोड सडपातळ, त्यामुळे एक पडताना शेजारचीला घेऊन पडते. संध्याकाळी मोजल्या, तर साठ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मागच्या पडवीत आई डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या पडवीत भर दुपारचं ऊन पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, जमीन विकू. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ७६ वर्षांचे. त्यांनी पुढच्या वर्षी पावसाळ्यात दोनशे रोपं लावली, सावलीला मध्ये केळी लावल्या. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो, "ती खाणार कोण?" त्यावर आमचं बोलणंच तुटलं. जेवायला बसलो तरी फक्त ताटात काय हवं-नको एवढंच.

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका दुपारी त्यांनी हाक मारली, "पाटाला पाणी सोडायचंय, येतोस का?" मी म्हणालो, "तुमच्या त्या काड्यांना पाणी घालायला मला वेळ नाही." दिवेलागणीला आईने मला बघायला पाठवलं. अण्णा पंपाजवळ पडले होते. पंप चालूच होता, पाणी पाटातून बाहेर वाहत होतं.

पुढचे सात-आठ महिने मी झोपलोच नाही म्हटलं तरी चालेल. पंपाचा आवाज आला की छातीत धडधडायचं. लोक प्रेमाने सांगायचे, "मन घट्ट कर", "त्यांचं आयुष्य तेवढंच होतं", "आईकडे बघ". सगळं कळत होतं आणि कशाचाही उपयोग होत नव्हता. एका हॉलमधल्या शिबिराला दीड हजार रुपये भरून गेलो. तिथे दोनशे माणसांना हात वर करून "मी आनंदी आहे" असं ओरडायला लावलं. मी ओरडलो. घरी परत येताना मला स्वतःची इतकी किळस आली की ती आजही सांगवत नाही. दुःखात असलेल्या माणसाशी असं वागू नये.

एका रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन केला. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि जवळपास कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा म्हणून सांगितलं. म्हणून मी माणगावला गेलो.

खोली एका मेडिकलच्या वर आहे. दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, टिशूचा डबा. फी पन्नास मिनिटांचे आठशे रुपये. बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं की त्या डॉक्टर नाहीत, गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. झोपेचं ऐकल्यावर त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या गोळ्या मी सहा आठवडे घेतल्या, मग डॉक्टरांनीच कमी करत बंद केल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. आपलं काम कुठे संपतं हे ओळखणारी माणसं कमी.

त्या वापरतात ती पद्धत अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. घटनेइतकाच, त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय बोलतो त्याचा त्रास होतो, असं तिचं म्हणणं. ऐकायला मला हे कोरडं वाटलं. अण्णा गेले ते काय माझ्या विचाराने गेले? तसं मी बोलूनही दाखवलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक वही दिली आणि रात्री मनात येणारी वाक्यं जशीच्या तशी लिहायला सांगितली.

तिसऱ्या शनिवारी ती वही त्यांनी उघडली. मी लिहिलं होतं : "मी त्या दुपारी जायलाच हवं होतं." त्यांनी लाल पेनाने फक्त 'च'भोवती गोल केला. वही माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "एवढं एक अक्षर काढून वाचा." मी वाचलं. "आता असं वाचा : मी गेलो असतो तर बरं झालं असतं." मी अर्धं वाक्य वाचलं आणि पुढे आवाज फुटेना. अण्णांना जाऊन नऊ महिने झाले होते, मी रडलो नव्हतो. स्मशानातही नाही. बाई काही बोलल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. पुढचा माणूस बाहेर थांबला असावा, दारावर एकदा टकटक झाली, तरी त्या उठल्या नाहीत.

नंतर त्यांनी समजावलं की 'च'मध्ये स्वतःला शिक्षा असते, त्याशिवायच्या वाक्यात नुसतं दुःख असतं. दुःख घालवायचं नाही, ते राहणारच. शिक्षा तेवढी थांबवायची. अण्णांना त्या दुपारी काय होणार हे मला माहीत नव्हतं, पण मी त्यांना टोचून बोललो हे खरं होतं. ते खोडायचा प्रयत्न बाईंनी एकदाही केला नाही. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता जे पटलं नाही ते. पार्टिशन प्लायवुडचं आहे, बाहेर बसलेल्याला आतलं निम्मं ऐकू येतं. माणूस जिथे सर्वांत नाजूक बोलतो तिथे हे चालवून घेऊ नये. वेळ दिली तरी कधी कधी तास-तास थांबावं लागतं, आणि परतीची एसटी चुकली की हाल. शिवाय पाचव्या भेटीत त्यांनी अण्णांना पत्र लिहून ते रोपांपाशी मोठ्याने वाचायला सांगितलं. मला ते फार लवकर झालं. वाचायला गेलो, पंपाचा आवाज आला आणि तसाच मागे फिरलो. ती रात्र वाईट गेली. पुढच्या शनिवारी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझी घाई झाली." एवढंच. मग आम्ही फक्त पंपापर्यंत जाण्यावर काम केलं. आधी दारात उभं राहायचं, मग विहिरीपर्यंत, मग खटका खाली-वर. त्याला तीन आठवडे लागले. पत्र मी खूप नंतर वाचलं, बाईंना न सांगता.

जाणाऱ्यांसाठी : आधी फोन करून वेळ घ्या, शक्यतो सकाळची पहिली. दोन भेटींत फरक पडेल असं समजून जाऊ नका, मला चौथ्यानंतर जाणवला. जीव नकोसा होत असेल तर शनिवारची वाट बघू नका, १४४१६ ला लगेच फोन करा. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या पार्टिशनसाठी कापला.

रोपांना मीच पाणी सोडतो आता. परवा पाट मोकळा करत होतो, आई केळीपाशी येऊन उभी राहिली. अण्णा गेल्यापासून ती आगरात आली नव्हती. म्हणाली, "तुझ्या त्या बाई म्हाताऱ्या माणसांशी बोलतात का रे?" शनिवारची साडेदहाची वेळ घेतली आहे. तिला एसटी लागते, म्हणून गाडी सांगितली आहे.