अभिनयासाठी काढलेले हेडशॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

अंधेरीतील एका छायाचित्रकाराकडून मी गेल्या वर्षी हेडशॉट, म्हणजे ऑडिशनसाठी पाठवायचे चेहऱ्याचे फोटो, काढून घेतले. तेव्हापासून मालिका, जाहिराती आणि वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी हाच संच पाठवत असल्यामुळे त्यातला कोणता फोटो कामाला येतो आणि कोणता नुसताच देखणा आहे, हे आता खात्रीने सांगता येईल.

सर्वाधिक उपयोग झाला तो सर्वांत साध्या फोटोचा. राखाडी पार्श्वभूमी, गडद निळा बिनडिझाइनचा टी-शर्ट आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा, एवढीच त्याची मांडणी आहे. एका बाजूने खिडकीचा उजेड घेऊन दुसऱ्या बाजूची सावली हलकी करण्यासाठी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला होता. त्यामुळे दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका आला असून मोबाइलवर फोटो अंगठ्याएवढा दिसला तरी नजर जिवंत वाटते. लेन्स ८५ मिमीची होती आणि छायाचित्रकार सुमारे दोन मीटर दूर उभा होता. मोबाइल चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठे दिसते आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. हा दोष मुख्यतः अंतराचा असल्यामुळे, घाईत घरीच फोटो काढायचा झाल्यास मागे सरकून दोन-तीन पट झूम वापरणे बरे.

रिटच केलेल्या फोटोंचा अनुभव मात्र चांगला नाही. त्यात हनुवटीवरचा जुना व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसून टाकली आहेत. वर्सोव्याच्या आरामनगरमधील एका ऑडिशनला दाराशी बसलेल्या मुलाने मोबाइलवरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला आणि ‘नॉट फिट’ म्हणून पुढच्याला आत घेतले. फोटो पाहून मनात धरलेला माणूसच समोर यावा, ही कास्टिंगवाल्यांची, म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांची, अपेक्षा मला रास्त वाटते. त्यानंतर केवळ रंग आणि उजेड सुधारलेल्या प्रती मागून घेतल्या. परंतु पॅकेजमध्ये मूळ फाइल धरलेल्या नसल्याने त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. बुकिंग करतानाच हे विचारून घ्यावे.

दुसरी तक्रार निवडीबद्दल आहे. ऑडिशनसाठी कलाकार बोलावणाऱ्या को-ऑर्डिनेटरच्या निरोपात बहुधा क्लोजअप, मिड शॉट (कमरेपर्यंतचा फोटो), फुल लेंथ, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल (बाजूने दिसणारा चेहरा) आणि ‘नो फिल्टर’ अशी मागणी असते. माझ्या संचात लेदर जॅकेट घालून अर्धा चेहरा अंधारात ठेवलेले फोटो भरपूर आहेत, पण डावीकडचे प्रोफाइल एकही नाही. (ते जॅकेटवाले फोटो नातेवाइकांना फार आवडले.)

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याचा दर्जा उतरतो. म्हणून मी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो आणि फाइलच्या नावातच नाव, वय आणि उंची लिहितो. डाउनलोड केलेल्या ढिगात नुसत्या आकड्यांची फाइल कोण शोधत बसणार?

सध्या ऐतिहासिक मालिकांच्या ऑडिशनसाठी मिशी राखली असल्यामुळे सफाचट चेहऱ्याचा हा संच जाहिरातींपुरताच उरला आहे. त्या छायाचित्रकाराचा उजेडावरचा हात चांगला असल्याने मिशीतले फोटोही मी त्याच्याकडेच काढणार आहे. मात्र या वेळी हव्या असलेल्या कोनांची यादी आगाऊ देऊन, रिटचिंग वगळून आणि जॅकेट घरी ठेवून.