पहिली क्रूझ: जहाज उत्तम, पण पूर्वसूचना अपुऱ्या

मी, माझा नवरा आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई असे आम्ही तिघे नुकतेच एका मोठ्या क्रूझ जहाजावरून सात रात्रींचा प्रवास करून परतलो. तिघांचीही ही पहिलीच क्रूझ होती. जहाजावरची सेवा मला मनापासून आवडली, परंतु नवख्या प्रवाशाला तिकीट काढण्यापूर्वीच ज्या गोष्टी कळायला हव्यात त्या सांगण्यात कंपनी कमी पडली. पुन्हा जाण्याचा योग आला तर मी याच जहाजाने जाईन, मात्र केबिन वेगळी घेईन, सामान वेगळ्या रीतीने भरीन आणि खर्चाचा हिशेब आधीच मांडून ठेवीन.

सर्वांत मोठी चूक केबिनच्या बाबतीत झाली. आम्ही ‘गॅरंटी’ प्रकारात आरक्षण केले होते. या प्रकारात बिनखिडकीची, खिडकीची की बाल्कनीची केबिन हवी एवढेच प्रवासी ठरवतो. जहाजावरची नेमकी जागा कंपनी नंतर आपल्या सोयीने देते आणि त्याबदल्यात भाडे थोडे कमी असते. आम्हाला बाल्कनीची केबिन मिळाली, पण ती वरच्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाला आणि बरोबर पोहण्याच्या तलावाच्या खाली होती. पहाटे पाच वाजता कर्मचारी डेक धुऊन आरामखुर्च्या मांडू लागत आणि त्या फरपटल्याचा आवाज थेट आमच्या छतातून येत असे. त्याहून अधिक त्रास हेलकाव्यांचा झाला. समोरून लाटा येऊ लागल्या की जहाज सी-सॉच्या फळीसारखे पुढे-मागे डोलते, त्यामुळे मधल्या भागात हालचाल सर्वांत कमी जाणवते आणि दोन्ही टोकांना सर्वांत जास्त. मोठ्या जहाजांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचे कलणे बरेच कमी करतात, परंतु पुढे-मागे डोलण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ही माहिती मला तिसऱ्या दिवशी, आईला बोट लागल्यानंतर, एका अधिकाऱ्याकडून मिळाली. तिकीट काढताना ती मिळाली असती तर भाड्यातल्या थोड्या सवलतीसाठी मी ती केबिन घेतलीच नसती.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की डेकचा नकाशा उघडून पाहिल्याखेरीज केबिन निश्चित करू नये. जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची, खालच्या किंवा मधल्या डेकवरची आणि जिच्या वरच्या व खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच आहेत अशी जागा सर्वांत शांत असते. वर बुफे, तलाव किंवा व्यायामशाळा आणि खाली नाट्यगृह किंवा नृत्याचा हॉल असेल तर ती केबिन टाळावी. अगदी खालच्या डेकवर पुढच्या बाजूला नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागताना चालवल्या जाणाऱ्या थ्रस्टरचा, म्हणजे जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांचा, घरघराट ऐकू येतो. काही केबिनच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. आरक्षणाच्या यादीत तिथे ‘दृश्य अंशतः झाकलेले’ असा उल्लेख बारीक अक्षरांत असतो, तो शोधून वाचावा. बिनखिडकीच्या केबिनला मात्र मी नाव ठेवणार नाही. आमच्या ओळखीच्या झालेल्या एका जोडप्याने तीच घेतली होती. त्यांचा दिवस बाहेरच जात असे आणि रात्री त्या पूर्ण अंधारात त्यांना उत्तम झोप लागत असे.

बोट लागण्याची भीती असेल तर औषध त्रास सुरू होण्याआधी घ्यावे लागते. एकदा मळमळ वाढली की गोळीचा उपयोग कमी होतो. मेक्लिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येऊ शकते. कानामागे लावण्याची स्कोपोलामाइनची पट्टी काचबिंदूच्या काही रुग्णांना चालत नाही, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आईला गोळीइतकाच गुण मोकळ्या हवेचा आला. आम्ही तिला मधल्या डेकवर बसवून क्षितिजाकडे बघायला सांगितले, पोट रिकामे राहू दिले नाही आणि आल्याचा तुकडा चघळायला दिला. तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिकाही असतात, पण तिथल्या उपचारांचे पैसे वेगळे पडतात आणि ते किरकोळ नसतात. प्रवास विमा घेताना गंभीर प्रसंगी जहाजावरून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने बंदराच्या शहरी पोहोचण्याचा बेत कोणी करू नये. विमान चुकले किंवा उशिरा आले तरी जहाज थांबत नाही. आम्ही एक दिवस आधी पोहोचलो होतो, म्हणून निश्चिंत होतो. चूक झाली ती सामानात. मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमालांकडे सोपवल्या की तपासणी होऊन त्या केबिनच्या दारापर्यंत आणून देतात, ही सोय चांगली आहे. मात्र हजारो बॅगांमधून आपली बॅग यायला संध्याकाळ उलटते. आमची रात्री आठ वाजता आली आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यातच होत्या. तो दिवस फार काळजीत गेला. औषधे, पासपोर्ट, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि पोहायचे असेल तर पोहण्याचा पोशाख हे सारे हातातल्या बॅगेतच असावे. बॅगांना लावायचे टॅग घरूनच छापून न्यावेत. इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात. केबिनमध्ये प्लग कमी असल्यामुळे साधा यूएसबी चार्जर बरोबर घ्यावा. आणखी एक लहानसा उपाय आम्हाला शेजारच्या केबिनमधल्या बाईंनी दाखवला: केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक त्यांना चिकटतात आणि ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायला जागा मिळते.

सुरक्षेच्या सरावाबद्दल कंपनीचे मी मोकळेपणाने कौतुक करते. सुरक्षेचा व्हिडिओ पाहून आपापल्या जमण्याच्या जागी प्रत्यक्ष जाऊन कार्ड दाखवल्याखेरीज कोणालाही सूट नव्हती. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांची नावे पुकारण्यात आली आणि सगळे पूर्ण झाल्यावरच जहाज सुटले. अनेकांना हा सुटीचा वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता, पण हा सराव का हवा हे एका जुन्या अपघातावरून कळते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉनकॉर्दिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण त्या वेळच्या नियमानुसार तो चोवीस तासांच्या आत घेतला तरी चालत असे. त्यानंतर ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा आहे. आपल्या जमण्याच्या जागेचे अक्षर केबिनच्या कार्डावरच छापलेले असते. त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून जावे, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही.

जेवणाविषयी तक्रारीला जागा नाही. मुख्य भोजनगृहात ठरलेली वेळ घ्यायची की आपल्या सोयीने जायचे, हे आधी विचारतात. आम्ही ठरलेली वेळ घेतली आणि ते बरे झाले, कारण रोज तेच वाढपी असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आईचे पथ्य त्यांना तोंडपाठ झाले. समुद्रावरच्या दिवशी दुपारी बुफेत बसायला जागा मिळत नाही. त्याच वेळी मुख्य भोजनगृह बरेचदा मोकळे असते. बुफेच्या दाराशी सॅनिटायझर ठेवलेले होते, पण जहाजांवर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे बहुधा नोरोव्हायरस असतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुणे, हाच खरा उपाय आहे. तिथे हात धुण्याची बेसिनही होती, तरी निम्मे लोक सॅनिटायझरवरच भागवत होते, याचे मला वाईट वाटले.

पैशांच्या बाबतीत कंपनीने अधिक स्पष्ट बोलायला हवे होते. तिकिटात केबिन, नेहमीचे जेवण, नाट्यगृहातले कार्यक्रम आणि तलाव एवढे येते. मद्य व शीतपेये, वायफाय, खास उपाहारगृहे, धुलाई, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. शिवाय कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीपोटी प्रत्येक माणशी प्रत्येक दिवसाची ठरावीक रक्कम खात्यावर आपोआप चढते. ही रक्कम देण्याला माझा विरोध मुळीच नाही, कारण आमची केबिन सांभाळणारा मुलगा दिवसातून दोनदा खोली आवरून जात होता आणि आईला बरे नसताना न सांगता उशाशी पाण्याची बाटली ठेवत होता. परंतु ती भाड्यासोबतच ठळकपणे सांगितली पाहिजे. पेयांचे पॅकेज घ्यायचे तर पुष्कळ कंपन्या एका केबिनमधल्या सर्व प्रौढांना ते घ्यायला लावतात. आमच्यात एकटा नवराच अधूनमधून पिणारा असल्यामुळे आम्ही ते घेतले नाही आणि तो निर्णय योग्य ठरला. खात्याला जोडायला क्रेडिट कार्ड द्यावे, कारण डेबिट कार्ड दिल्यास बँकेतली काही रक्कम काही दिवस अडकवून ठेवली जाते. खाते दर दोन दिवसांनी पाहावे. आमच्या खात्यावर एकच कॉफी दोनदा लागली होती. स्वागतकक्षाने ती चूक लगेच सुधारली, पण शेवटच्या सकाळी तिथली रांग पाहता तेव्हा ते जमले नसते.

किनारा सुटण्याआधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा. तसे न केल्यास तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो, ज्याचे दर नेहमीच्या रोमिंगमध्ये धरलेले नसतात, आणि परतल्यावर मोठे बिल येते. वायफाय लागणार असेल तर ते निघण्यापूर्वी ऑनलाइन घेतलेले बहुधा स्वस्त पडते.

बंदरावर उतरताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. जहाजावरची वेळ आणि त्या गावातली वेळ वेगळी असू शकते, आणि मोबाइल मात्र गावातली वेळ दाखवू लागतो. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे आणि परत चढण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या साधारण अर्धा ते एक तास आधीची असते, हे ध्यानात ठेवावे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढची व्यवस्था करते; स्वतःच्या बेताने फिरणाऱ्यासाठी ते थांबत नाही, पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे असते. आम्ही दोन बंदरांवर कंपनीची सहल घेतली आणि एका बंदरावर पायीच फिरलो. खरे सांगायचे तर पायी फिरण्यातच अधिक आनंद मिळाला, कारण सहलीतला निम्मा वेळ बसमध्ये चढण्या-उतरण्यात गेला. एका ठिकाणी पाणी उथळ असल्यामुळे जहाज दूर नांगरले आणि किनाऱ्यावर लहान टेंडर बोटींनी न्यायचे ठरले. गुडघेदुखीमुळे आईला त्या हलत्या बोटीत पाय टाकणे जमले नाही आणि ती दिवसभर जहाजावरच राहिली. मार्गातली कोणती बंदरे धक्क्याची आणि कोणती टेंडरची, हे आरक्षणापूर्वी विचारावे. वयस्कर माणसे किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर नक्कीच. हवा बिघडल्यास कप्तान एखादे बंदर गाळू शकतो आणि करारात तशी मुभा असते, म्हणून एकाच बंदरासाठी संपूर्ण क्रूझ निवडू नये.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला त्या बॅगांत गेल्या नाहीत ना, हे तपासून मगच दार लावावे. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना सकाळी केबिनमधला झगा घालून बॅगांच्या शोधात निघावे लागले. स्वतःचे सामान स्वतः उचलून नेणाऱ्यांना सर्वांत आधी सोडतात. परतीचे विमान तरीही दुपारनंतरचेच घ्यावे.

उतरण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या क्रूझच्या आरक्षणाच्या टेबलापाशी आम्ही सहज थांबलो होतो. तिथल्या मुलीने भाड्याचे कोष्टक पुढे सरकवले. आईने ते बाजूला ठेवले, डेकचा नकाशा मागून घेतला आणि जहाजाच्या मधोमध, वर-खाली केबिनच असलेल्या एका खोलीवर बोट ठेवून तिचे भाडे विचारले.