ईव्ही घेऊ की पेट्रोल?

मेहुणा महिनाभर डोकं खातोय, ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेऊ का पेट्रोल. जाहिरातीतली रेंज (एका चार्जमध्ये किती किलोमीटर) बाजूला ठेव म्हटलं, आधी सांग गाडी रात्री कुठे उभी राहते?

कारण सगळं तिथेच अडतं. घरी ७ किलोवॅटचा चार्जर असेल तर ४० युनिटची बॅटरी साधारण ६ तासांत भरते, म्हणजे तू झोपलेला असतानाच. पार्किंगच नसेल तर मग चार्जर शोधत फिरा, आणि फास्ट चार्जिंगसुद्धा ८०% नंतर रेंगाळतं, पेट्रोल ५ मिनिटांत भरून मोकळे.

रोजचा खर्च म्हणशील तर ईव्ही सरळ जिंकते, पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच काही नाही, ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत. घेताना मात्र खिसा जास्त हलका होतो.

टिकाऊपणात बॅटरीची क्षमता हळूहळू उतरते, बऱ्याच कंपन्या ८ वर्षांची वॉरंटी देतात. कडाक्याच्या थंडीत रेंज पण घटते बरं का. इंजिन कुठलाही मेकॅनिक उघडतो, बॅटरी नाही.

रोजचं ठरलेलं येणंजाणं आणि घरी प्लग असेल तर डोळे झाकून ईव्ही. सतत लांबचे, आडवाटेचे प्रवास असतील तर सध्या पेट्रोलच. मेहुण्याचं पार्किंग रस्त्यावर आहे, हे त्याने आत्ता सांगितलं!