आठ जणांचं सागवानी टेबल: काम चांगलं, जोडणीत चूक

सात बाय साडेतीन फूट, उंची 30 इंच. सागवान नीट वाळलेलं, फळ्या सव्वा इंची, सांध्यात नख अडकत नाही. टॉपखालच्या आडव्या पट्टीपासून जमिनीपर्यंत 25 इंच मोकळे, त्यामुळे मांड्या घासत नाहीत. सुताराचा हात खरंच सुरेख!

पण टॉप चौकटीला थेट स्क्रूनं आवळला होता. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात, मग पावसाळी दमटपणा. लाकूड रुंदीत आकसतं-फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. साडेतीन फुटांत काही मिलिमीटर सहज. जागा नसेल तर फळी तडकते. सांगितल्यावर लांबट भोकं पाडून वॉशर बसवून दिले. हे आधीच व्हायला हवं होतं. पॉलिश खालूनही मारून घ्या, नाहीतर टॉप वाकतो.